वीजबिलावर भांडण्याआधी या चुका टाळा

बिल हातात आलं की नजर पहिल्यांदा रकमेवर जाते. मग मीटर पळतंय म्हणून तक्रार. मीटर कधी कधी खरंच बिघडलेलं असतं, नाही असं नाही, पण आधी बिलावर वर छापलेला ‘दर संकेत’, म्हणजे तुमची वर्गवारी, वाचा. महाराष्ट्रात तुम्ही वीज कशासाठी वापरता यावर युनिटचा दर ठरतो आणि वर्गवारी चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं.

यात गंमती आहेत. पिठाची गिरणी औद्योगिक दरात बसते, शेजारचं टेलरिंगचं दुकान मात्र व्यापारी. वीज शुल्कही वेगळं: घरगुतीला १६ टक्के, व्यापारीला २१. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे फक्त रहिवाशांसाठी असतील तर त्यांना घरगुती दरच लागतो. कितीतरी सोसायट्या हे न तपासता वर्षानुवर्षं जादा भरत राहतात.

घरातच शिवणकाम किंवा शिकवणी चालवणारे उगाच घाबरतात. महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३६०० पर्यंत असेल, तर राहत्या घराच्या काही भागातल्या व्यवसायालाही वीज नियामक आयोगाने घरगुती दर दिलेला आहे. त्यापुढे गेलात तर आपणहून वर्गवारी बदलून घ्या. वीज कंपनीच्या तपासणी पथकाने पकडलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि गैरवापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची.

शेतपंपाचं तसंच. पंपघरात ४० वॅटपर्यंतचा एक दिवा चालतो, म्हणून तिथून वस्तीवरच्या घरापर्यंत वायर ओढायची नसते. कोंबड्यांचं शेड ‘कृषी – इतर’मध्ये येतं. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मिळणारी मोफत वीज त्याला लागू नाही.

दुसरा गैरसमज टप्प्यांचा, म्हणजे वापर वाढेल तसा युनिटचा दर वाढत जातो त्याचा. ‘१०१वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वरचा दर’ असं सर्रास ऐकू येतं. तसं नसतं, वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो. खरा घोळ सरासरी बिलात होतो. घर चार महिने बंद समजून अंदाजे बिलं आली आणि पुढच्या रिडिंगला एकदम ४८० युनिट निघाले, तर ते महिन्याला १२० असे वाटून टप्पे लावायला हवेत. एकाच महिन्यात टाकले तर थेट ३००च्या वरच्या टप्प्यात जाता. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. मी मीटर तपासायचा अर्ज लिहून बसलो होतो, आणि मीटर बिचारं निर्दोष! चूक महिन्यांच्या भागाकारात होती. म्हणून बिलावर ‘लॉक’ (घर बंद) किंवा ‘फॉल्टी’ (मीटर सदोष) दिसलं की त्याच महिन्यात लेखी कळवा, मीटरचा फोटो जोडा. ॲपवरून रिडिंग स्वतः पाठवता येतं.

एवढं करूनही शंका उरली तर मीटरनंतरचा मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकतच राहिला तर मीटर आणि स्विच यांच्यामधूनच वीज कुठेतरी जातेय, किंवा मीटर सदोष आहे. थांबला, तर स्विच चालू करून घरातलं एकेक उपकरण लावत जा. बहुतेक वेळा गुन्हेगार गीझर निघतो.