युरोपात कोठे किती रात्री: बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी आखणी

दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात युरोपचा बेत निघाला की पहिल्याच बैठकीत शहरांची यादी दहावर जाते आणि हाताशी असलेल्या चौदा रात्री त्या दहा नावांत कशाबशा बसवल्या जातात. आखणी दुसऱ्या टोकाने सुरू करावी. आधी रात्री मोजाव्यात आणि मग प्रत्येक मुक्कामी त्यांतून पूर्ण दिवस किती उरतात ते पाहावे. तीन रात्रींच्या मुक्कामात पूर्ण दिवस दोनच मिळतात. एका रात्रीच्या मुक्कामात एकही मिळत नाही.

शहर बदलण्यात दिवस किती खर्ची पडतो, हे एकदा तासांनिशी कागदावर मांडावे. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावरून स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत वेगवान गाडीला सुमारे तीन तास लागतात आणि तेथून आल्प्सच्या पायथ्याच्या इंटरलाकेनपर्यंत आणखी दोन. म्हणजे गाडी बदलण्याचा वेळ धरून प्रवास साडेपाच तासांच्या आत आटोपतो. पण त्याआधी न्याहारी उरकणे, बॅगा भरणे, हॉटेलचा हिशेब चुकता करणे, मेट्रोच्या जिन्यांवरून त्या बॅगा उतरवणे आणि गाडी सुटण्यापूर्वी फलाट शोधणे असते, तर पलीकडे उतरल्यावर हॉटेल गाठणे असते. सकाळी नऊला बाहेर पडलेले कुटुंब दुपारी चार-पाचला खोलीत टेकते. म्हणून पाच तासांच्या प्रवासापोटी पूर्ण दिवस, आणि फ्लॉरेन्स ते रोम अशा दीड तासाच्या प्रवासापोटी अर्धा दिवस वजा धरावा. आगमनाचा दिवसही जमेस धरू नये. अहमदाबादहून आखाती देशांमार्गे पॅरिसला उतरेपर्यंत रात्रीची झोप झालेली नसते, आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा शरीराच्या लेखी साडेदहा झालेले असतात.

यानंतर पंचांगाप्रमाणे वार पाहावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेथलेच ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. फ्लॉरेन्सची ऊफीत्सी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया ही दोन्ही कलादालने सोमवारीच बंद. आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद. रात्रींची संख्या बरोबर असूनही वार चुकला तर मुक्काम वाया जातो. समजा, शनिवारी पॅरिसला उतरलात. तेथे चार रात्री ठेवल्यास रविवारी ओर्से, सोमवारी लूव्र आणि मंगळवारी व्हर्साय असे तिन्ही दिवस कारणी लागतात. मात्र लूव्र बंद असल्यामुळे मंगळवारी व्हर्सायला गर्दी अधिक असते, तेव्हा तिकीट सकाळच्या पहिल्या वेळेचे घ्यावे. बुधवारी इंटरलाकेनला जाऊन तेथे तीन रात्री. शनिवारी फ्लॉरेन्सला तीन. मंगळवारी रोमला चार. आणि पुढच्या शनिवारी रोमहूनच परतीचे विमान. अशा चौदा रात्री होतात. पुन्हा पॅरिसला यावे लागत नसल्याने एक दिवस वाचतो, म्हणून विमानाचे तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचेच काढावे.

इंटरलाकेनला दोन रात्री पुरतील, असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. तेथून ज्यासाठी वर जायचे त्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीतले रेल्वेस्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि खाली लख्ख ऊन असतानाही वर ढगांत काहीच दिसत नाही, असे होऊ शकते. तिकीट मात्र महाग. दोन पूर्ण दिवस हाताशी असले तर सकाळी तेथल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून कोणत्या दिवशी वर जायचे ते ठरवता येते आणि उरलेला दिवस लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांना देता येतो.

फ्लॉरेन्समध्ये रविवारी ऊफीत्सी पाहावी आणि सोमवारी पिसाला जाऊन यावे. गाडीने तासाभराचे अंतर आहे, त्यासाठी बॅगा हलवण्याचे कारण नाही. दीड तासाच्या आत असलेले गाव मुक्कामातून जाऊन-येऊन करावे, हा नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. व्हेनिस फ्लॉरेन्सहून दोन तासांवर असल्याने तेथे मात्र मोह होतो, आणि घरातले कोणीतरी ‘एक रात्र काढूच’ म्हणतेच. ती रात्र रोमच्या चारांतून काढावी लागेल, हे त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. गणपतीत एका संध्याकाळी पंधरा घरी दर्शनाला गेलेल्या माणसाला शेवटी प्रसाद कोणाकडे काय होता एवढेच आठवते; जेवढी शहरे वाढवाल तेवढे हेच होणार.

रात्रींचा हा हिशेब व्हिसाशीही थेट जोडलेला आहे. शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. वरील आखणीत फ्रान्सच्या चार, स्वित्झर्लंडच्या तीन आणि इटलीच्या सात रात्री होतात. म्हणून पॅरिसला उतरत असलात तरी अर्ज इटलीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. रात्रींची वाटणी कायम झाल्याशिवाय अर्ज भरू नये आणि तोवर हॉटेले रद्द करता येतील अशाच दराने राखून ठेवावीत.

रोमच्या चार रात्रींत बुधवारी कोलोसियम ठेवावे, कारण बहुधा बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असल्याने सेंट पीटर्सच्या चौकात प्रचंड गर्दी असते. व्हॅटिकन गुरुवारी करावे. शुक्रवार मोकळा सोडावा. शनिवारचे विमान सकाळचे असेल तर शेवटच्या मुक्कामासाठी तेर्मिनी स्थानकाजवळचे हॉटेल सोयीचे पडते, कारण तेथून विमानतळाची थेट गाडी साधारण अर्ध्या तासात फ्युमिचीनोला पोहोचवते.