तणनाशक मातीत राहिलंय? काडीकचऱ्याचा बायोचार असा करून वापरा

मागच्या पिकाला मारलेलं तणनाशक मातीत राहिलं आणि पुढचं पीक दोन पानांवर येऊन पिवळं पडलं, हे ज्यांनी भोगलंय त्यांच्यासाठी लिहितोय. आधीच सांगून टाकतो, बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, तो औषध गायब करत नाही. त्याच्या बारीक भोकांमध्ये औषध चिकटून बसतं, मग मुळांना, गांडुळांना आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याला ते कमी मिळतं. जिवाणू ते हळूहळू संपवतात खरं, पण कधीकधी कोळशात अडकलेलं औषध त्यांच्याही हाती लागत नाही आणि उलट जास्त दिवस टिकतं.

माल कुठलाही चालेल, पऱ्हाटी, तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, फक्त खडखडीत वाळलेला पाहिजे, वाकवला की काटकन मोडला पाहिजे. भाताचं तूस मात्र या पद्धतीत नको, ते गच्च बसतं आणि नुसतं धुमसतं. सुतळ्या, प्लास्टिक, औषधाच्या पुड्या निवडून बाहेर काढा.

आता खड्डा. नरसाळ्यासारखा, वर मीटरभर रुंद, खाली निमुळता, खोली दीड-दोन फूट. तळाला काड्या रचून वरून पेटवायचं, खालून नाही, म्हणजे निघणारा धूर ज्वाळेतच जळून जातो. निखाऱ्यांवर राखेची पांढरट साय दिसायला लागली की लगेच पुढचा पातळ थर टाकायचा, कारण वरची ज्वाळा येणारी हवा खाऊन टाकते आणि खालचे निखारे हवेवाचून कोळसाच राहतात, सगळी गंमत यातच आहे. जाड थर टाकला की धूर, उशीर केला की राख. पहिल्या वेळी मी फोन घ्यायला बाजूला गेलो तो गप्पांतच रमलो, परत येऊन बघतो तर अर्ध्या मालाची राख झालेली!

बायोचार साधारण ३५० ते ७०० अंशांत बनतो, आणि आपल्या कामाला जास्त तापलेला बरा, कारण त्यात भोकं जास्त असतात.

खड्डा भरला की भरपूर पाणी ओता, म्हणजे अगदी ड्रमभर, आणि ते पेटवायच्या आधीच जवळ भरून ठेवा. आत एक जरी निखारा राहिला तरी रात्रीत सगळी राख होते. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर एक तुकडा बोटांत चोळा आणि साध्या पाण्याने हात धुवा. काळं निघून गेलं तर माल चांगला, तेलकट राहून साबण लागला तर आत डांबर उरलंय, तो माल मातीत घालू नका.

मग ओला असतानाच गोणीत भरून बडवायचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक व्हायला हवा. कोरडा कुटलात तर काळी धूळ थेट फुफ्फुसात जाते, त्यामुळे मास्क लावाच.

किती घालायचा हा हिशोब नीट समजून घ्या. १ चौरस मीटर जागेची वरची १५ सेंटीमीटर माती अंदाजे २०० किलो भरते, तिच्या १ टक्का म्हणजे २ किलो कोळसा, आणि तेवढ्यासाठी सुक्या काड्या १० किलोच्या आसपास लागतात. याच हिशोबाने एकराला ८ टन कोळसा होतो! त्यामुळे अख्खं शेत विसरा, जिथे औषध सांडलंय, जिथे पंप धुतले जातात किंवा जो वाफा बिघडलाय तेवढंच हातात घ्या.

त्याआधी तीन कुंड्या भरा. माती तीच, एकीत काहीच नाही, दुसरीत १ टक्का, तिसरीत २ टक्के, आणि तिन्हींत काकडीच्या बिया. तीन आठवड्यांत पानंच सांगतील काय ते. फरकच दिसला नाही तर कष्ट वाचले म्हणायचं, कारण २,४-डीसारखी पाण्यात सहज वाहणारी औषधं कोळशाला कमी चिकटतात, अॅट्राझीन हे तणनाशक किंवा क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक त्यापेक्षा बरी चिकटतात.

फरक दिसला तर वाफ्यात घाला, पण नुसता वर पसरून उपयोग नाही, १५ सेंटीमीटरपर्यंत दोनदा खणून मिसळा, ओलावा ठेवा आणि तीन-चार आठवडे पेरू नका. नवा कोळसा मातीतलं नत्रही धरून बसतो म्हणून सोबत कुजलेलं शेणखत द्या. मातीचा सामू (pH) आधीच ८ च्या वर असेल तर जपून, कोळशातल्या राखेने तो अजून चढतो.

लॅबमध्ये माती दिलीत आणि औषधाचा आकडा तेवढाच आला तर दचकू नका, तिथलं रसायन कोळशात अडकलेलं औषधही बरंचसं ओढून काढतं. त्यापेक्षा दर हंगामात कुंडीतली काकडी पुन्हा लावून बघा, कारण वर्षं जातील तशी ती भोकं बुजत जातात. आणि हो, त्या वाफ्यात उगवणीपूर्वीचं तणनाशक मारलंत तर कोळसा तेही गिळून टाकेल, तिथे खुरपंच घ्यावं लागणार.