कासदाहावर स्टेम सेल: सडात सोडण्याआधी आणि सोडताना

दगडी म्हणजे कासदाह झालेल्या कासेत स्टेम सेलचं (दुरुस्तीला मदत करणाऱ्या मूळ पेशींचं) मुख्य काम म्हणजे सूज आवरणं आणि जखमी दूधग्रंथी भरून यायला मदत करणं. त्यांतून स्रवणारी कॅथेलिसिडिनसारखी प्रथिनं जंतूंनाही थोडाफार अटकाव करतात. कासदाहाचा स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) हा जंतू पेशींच्या आत आणि तंतुमय गाठींत दडतो, तिथे प्रतिजैविक नीट पोचत नाही. म्हणून या उपचाराकडे लक्ष गेलं. चिलीत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चरबीतून वाढवलेल्या २.५ कोटी स्टेम सेल थेट सडातून दिल्या होत्या. उपचार अजून प्रायोगिक आहे, त्यामुळे तो पशुवैद्यकाच्या हातून आणि संशोधन संस्थेच्या परवानगीनेच व्हावा.

आधी गाय निवडा. ताप, पाण्यासारखं दूध, गाय बसून राहिलेली असा ई. कोलाय जंतूचा तीव्र कासदाह असेल तर स्टेम सेलचा विचारही नको. तिथे सलाईन आणि सूज उतरवणारं औषध द्यायला तासाभराचा उशीरही महागात पडू शकतो. उपचाराला योग्य ठरतो तो रेंगाळलेला, एखाद-दोन सडांचा कासदाह. चारही सडांची सीएमटी (कासदाह ओळखायची दुधाची चाचणी) करा: तबकाच्या प्रत्येक कप्प्यात २ ते ३ मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, १० सेकंद गोल फिरवून लगेच वाचा. चिकट थर झाला तर दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. विल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ही चाचणी फसवते.

कोणता जंतू आहे हे कल्चरशिवाय (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्याशिवाय) कळत नाही आणि नमुना इथेच बिघडतो. सड पुसून कोरडा करा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासा. स्वच्छता करताना आधी लांबचे सड घ्या, नमुना घेताना आधी जवळचे. नाहीतर हात पुन्हा स्वच्छ सडांना लागतो. बाटली आडवी धरा, शेण-धूळ आत पडत नाही. नमुना बर्फावर ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

स्टेम सेल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या येतात. दात्या गायीची ब्रुसेला, क्षय, आयबीआर (गायींचा एक विषाणूजन्य रोग) यांची तपासणी झाल्याचा कागद मागा. पेशी वाढवायला वापरलेल्या वासराच्या सीरममधून (रक्तद्रवातून) बीव्हीडी हा गायींच्या हगवणीचा विषाणू येऊ शकतो, म्हणून त्याचाही आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूचाही अहवाल हवा. हा आग्रह सोडू नका. कळपात एक नवा रोग आणण्यापेक्षा उपचार न केलेला बरा.

कुपी ३७ अंश पाण्यात, झाकण पाण्याबाहेर ठेवून, बर्फाचा लहानसा कण उरेपर्यंत फिरवा; एक-दोन मिनिटं पुरतात. त्यातलं डीएमएसओ (गोठवताना घातलेलं रसायन) पेशींना मारक असतं, म्हणून पेशी थेंबाथेंबाने द्रावणात मिसळून ते सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवणाऱ्या यंत्राने) काढून टाका. मग ट्रायपॅन ब्लू या रंगाने मोजा: निळ्या झालेल्या पेशी मेलेल्या. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली असतील तर ती बॅच देऊ नका. तयार डोस शक्यतो तासाभरात सडात गेला पाहिजे.

धार पूर्ण काढल्यावर सडाचं टोक पुन्हा अल्कोहोलने पुसा. पेशी तळाशी बसतात, म्हणून सिरिंज उलटसुलट करून मगच जोडा. बारीक सुई नको, पेशी फुटतात. निर्जंतुक नळीचं टोक फक्त ३ मिलीमीटर आत घाला, खोल घातल्यास सडाच्या तोंडातला रक्षक थर खरवडतो. हळू सोडा आणि सड वरच्या दिशेने चोळा. त्याच सिरिंजमध्ये प्रतिजैविक मिसळू नका. शेवटी ०.५ टक्के आयोडीनमध्ये सड बुडवा आणि पुढ्यात वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहील. तोवर सडाचं तोंड उघडं असतं.

त्या सडाचं दूध डेअरीला घालू नका. पहिल्या काही दिवसांत दुधातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसला तर घाबरून निष्कर्ष काढू नका. सडात काहीही सोडलं की तो वाढतो. १४ आणि २१ व्या दिवशी कल्चर करा. स्टॅफ कधी दुधात दिसतो, कधी नाही, त्यामुळे एकाच निगेटिव्ह अहवालावर गाय बरी झाल्याचं लिहू नका.