पांढऱ्या जमिनीचं चीट गोधडीत लावताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सांगानेरी चिटाचे, म्हणजे ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे, तुकडे चाळताना मी आधी फूल बघत नाही, जमीन बघते, म्हणजे फुलांमागचा रंग. दुधी, साईसारखी, पिवळट, राखी झाक असलेली. चार पांढरे शेजारी ठेवले की त्यातला एकही पांढरा नव्हता हे कळतं. गोधडीत नेमके असे तीन-चार मिसळा. एकाच ठाणातले चौकोन चादरीसारखे सपाट दिसतात.

पांढरी जमीन गिऱ्हाइकाच्या हट्टाने वाढली. 1643 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून सुरतेला कळवलं की रजयांची लाल जमीन इथे फारशी आवडत नाही, पांढरी जास्त ठेवा.

खरा जुना तुकडा हाती आला तर आधी उजेडात धरा. काळ्या रेषांसाठी लोखंडाचं पाणी वापरत, आणि ते कालांतराने कापड खातं. पणजीच्या पेटीतल्या माझ्या तुकड्यावर तांबडी फुलं शाबूत आहेत, देठांच्या जागी मात्र बारीक भोकं. असा तुकडा मागे मऊ मलमल टाचल्याशिवाय शिवू नका, आणि धुऊ तर अजिबात नका.

नवा तुकडा मात्र धुवायचाच. ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा, डाग उतरला तर पुन्हा धुवा. मी एकदा आळस केला आणि एका मरून रंगाच्या पट्टीने आठ दुधी चौकोन गुलाबी केले. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात. छापून आलेल्या कापडाला त्याने काही होत नाही.

जोडताना मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून बघा. दाट बुट्टीचा चौकोन लांबून राखी होतो, विरळ बुट्टीचा उजळ राहतो. दोन्ही आलटून पालटून लावा. शिवणीची मुडप गडद कापडाकडे इस्त्री करा, नाहीतर पांढऱ्याखालून तांबडी रेघ डोकावते. त्याच कारणाने अस्तराला गडद लुगडं नको. धावदोऱ्याला साईच्या रंगाचा धागा घ्या. पांढराशुभ्र धागा जुन्या छापावर खडूच्या रेघेसारखा उठतो.

पावसाळ्यात गोधडी खळ लावून ठेवू नका, कसर लागते. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की बाहेर काढा, सावलीतच पसरा, आणि परत ठेवताना घडी दुसऱ्या जागी मोडा.