जहाजाच्या खटल्यातली शपथेवरची साक्ष वाचताना या चुका टाळा

३० जानेवारी १६९८. मलबार किनाऱ्याजवळ कॅप्टन विल्यम किडने 'केदा मर्चंट' नावाचं व्यापारी जहाज धरलं. जहाज बंगालहून सुरतेला निघालेलं. पोटात मलमल, रेशीम, साखर, अफू, सोरा. बराच माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज आणि जवळचा परवाना मात्र फ्रेंचांचा. किडकडे इंग्लंडच्या राजाची सनद होती, फ्रेंच जहाजं धरायची आणि चाच्यांना पकडायचं अशी. मग हे जहाज सनदेतलं की सरळ चाचेगिरी? मे १७०१ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात हाच प्रश्न उभा राहिला. त्या खटल्याच्या जबान्या छापून आलेल्या आहेत. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासासाठी त्या फार मोलाच्या आहेत, म्हणूनच त्या नीट वाचल्या जाव्यात असं मला कळकळीने वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'शपथेवर सांगितलंय ना, मग खरंच असणार' असं धरून चालणं. शपथ कोणाला घेऊ दिली, हे आधी बघा. सरकारी बाजूचे मुख्य साक्षीदार दोन, जहाजावरचा वैद्य रॉबर्ट ब्रॅडिनहॅम आणि खलाशी जोसेफ पामर. दोघेही किडबरोबर त्याच सफरीत होते, दोघांनी लुटीतला वाटा घेतला होता आणि दोघेही माफीचे साक्षीदार होते. दुसऱ्या बाजूला किड. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात अशा गुन्ह्यातल्या आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर बोलता येत नसे. घटनेबाबत त्याच्या वतीने वकील उभा राहत नसे. बचावाच्या साक्षीदारांनाही शपथ देत नसत, ती सोय कायद्याने १७०२ साली झाली. तोवर किडला फाशी होऊन गेली होती. त्यामुळे या कागदांत शपथेचा शिक्का एकाच पारड्यात पडलेला दिसतो. तो खरेपणाचा पुरावा मानलात तर निकाल वाचण्याआधीच तुम्ही निकाल दिलेला असेल.

दुसरी चूक 'पाहिलं' आणि 'ऐकलं' एकाच पोत्यात भरण्याची. किड स्वतः ब्रॅडिनहॅमला विचारतो, जहाजावर फ्रेंच परवाने पाहिलेस की नाही? उत्तर येतं ते असं, तुमच्याकडे ते आहेत असं तुम्ही मला सांगितलंत, मी काही ते पाहिले नाहीत. घाईत वाचणारा यावरून 'परवाने नव्हतेच' अशी नोंद करतो. साक्षीदार तसं म्हणालेलाच नाही. परवाने होते. किडने ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतींचा गव्हर्नर बेलमाँट याच्या हाती दिले होते, तिथून ते लंडनला गेले आणि नेमके खटल्याच्या वेळी समोर आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या दप्तरखान्यात सापडले. दोनशे वर्षं कागद दप्तरात पडून आणि माणूस फासावर. हे वाचताना मला आजही चैन पडत नाही.

पण म्हणून किड निर्दोष, अशी उडी मारू नका. ही तिसरी चूक, आणि ती सहानुभूतीपोटी होते. परवाना फ्रेंच असला तरी धरलेलं जहाज नौदल-न्यायालयापुढे नेऊन ते कायदेशीर लूट ठरवून घ्यावं लागे. किडने ते केलं नाही. माल वाटेतच किनाऱ्यावर विकला गेला आणि वाटे पडले. साक्षीप्रमाणे एकूण १६० वाटे, त्यातले ४० किडचे.

यावर माझा साधा उपाय आहे. वहीत तीन रकाने आखा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि साक्षीदाराने स्वतः काढलेला अंदाज. प्रत्येक उत्तराच्या वर त्याचा प्रश्नही लिहा. प्रश्न गाळला की उत्तराचा अर्थ फिरतो.

तारखा जुळत नसतील तर आधी पंचांग तपासा. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग वापरत आणि त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६९८ त्यांच्या कागदात '१६९७' किंवा '१६९७/९८' असा दिसतो. सुरतेच्या पहिल्या लुटीची जानेवारी १६६४ मधली इंग्रज वखारीची पत्रं '१६६३' ची का वाटतात, त्याचंही उत्तर हेच. गोव्याचे पोर्तुगीज मात्र नव्या पंचांगाने चालत, म्हणजे दहा दिवस पुढे. सप्टेंबर १६९७ मध्ये किड कारवारला आला आणि त्यानंतर गोव्याहून आलेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. ती दोन्ही बाजूंच्या कागदांत शोधायची असेल तर हे दहा दिवस विसरून चालणार नाही.

नावांचंही तसंच. 'केदा मर्चंट', 'कारा मर्चंट' आणि किडने ठेवलेलं 'अ‍ॅडव्हेंचर प्राइझ' ही एकाच जहाजाची नावं. नवखे अभ्यासक त्यांची तीन जहाजं करून बसतात. साक्षीत 'मूर' आला की आफ्रिकेकडे बघू नका. बहुतेक ठिकाणी तो मोगल मुलखातला मुसलमान व्यापारी किंवा खलाशी असतो. 'कोजी बाबा' असं लिहिलेला आर्मेनियन व्यापारी म्हणजे ख्वाजा बाबा.

आणि कागदाबाहेरही बघा. किडने हे जहाज कॅरिबियन समुद्रात मागे सोडलं होतं. २००७ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या कातालिना बेटाजवळ, जेमतेम तीन मीटर पाण्यात त्याचे अवशेष सापडले. त्यातलं लाकूड सागवान निघालं आणि फळ्या एकमेकींत खाच पाडून बसवलेल्या, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे सुतार बसवत तशा.