गावाकडे जुन्या गाड्यांचं दुकान टाकायचंय? आधी आरटीओचं डीलर ऑथोरायझेशन काढा

कापसाचा, सोयाबीनचा चुकारा हातात आला की आपल्याकडे गाड्यांची विचारपूस सुरू होते, कोणाला बोलेरो पाहिजे, कोणाला भाड्यानं लावायला ईको. म्हणून तालुक्याच्या रोडवर चार गाड्या उभ्या करून धंदा करणारी पोरं आता जागोजागी दिसून राहिली. धंदा चांगला आहे, करा, पण जुन्या म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या गाड्या घेऊन-विकणाऱ्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं ऑथोरायझेशन (धंद्याची मंजुरी) लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये तशी दुरुस्ती झाली, आणि हे अजून आपल्या भागात लय जणांना माहीतच नाही.

हे काहून पाहिजे ते आधी समजून घ्या. आतापर्यंतची पद्धत अशी की कास्तकारानं गाडी दिली, नाव ट्रान्सफरच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या केल्या, पैसे घेतले आणि घरी गेला. गाडी तिथून दुसऱ्याकडे, तिथून आदिलाबाद नाहीतर बैतूलकडे, आणि आरसीवर नाव मात्र त्याच कास्तकाराचं. मग त्याच्या मोबाईलवर चलान येत राहतात, आणि अॅक्सिडेंट झाला तर कोर्टाची नोटीस पण त्यालाच. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सरळ सांगितलंय की गाडी कितीही हातांतून फिरली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाई त्याच्यावरच. तुम्हाला गाडी देणारा माणूस बहुतेक तुमच्याच पंचक्रोशीतला असतो, त्याला असं अडकवून धंदा टिकत नाही आणि टिकूही नये.

ऑथोरायझेशन असलं की चित्र बदलतं. मालक गाडी तुमच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म 29सी मध्ये परिवहनच्या पोर्टलवर तशी खबर जाते आणि गाडी तुमच्याकडे आहे तोवर कायद्यानं तुम्हीच तिचे मालक धरले जाता, त्या काळात काही झालं तर जबाबदारी तुमची. जबाबदारी वाढते तसा अधिकार पण मिळतो, आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, नाव ट्रान्सफर, हे सगळे अर्ज तुम्ही स्वतःच करू शकता, जुन्या मालकाला पुन्हा पुन्हा सहीसाठी शेतातून बोलावायची गरज नाही. पण एक लक्षात ठेवा, ती गाडी घेऊन लग्नाला जाता येत नाही. गिऱ्हाईकाला ट्रायल, दुरुस्ती, पेंटिंग, तपासणी एवढ्यासाठीच ती रोडवर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक ट्रिप रजिस्टरमध्ये करायची.

आता जागेचं. इथंच लय लोक फसतात. रोडला लागून वावर आहे म्हणून मुरूम टाकला आणि गाड्या लावल्या असं चालत नाही, शेतजमिनीवर धंदा करायचा तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो, म्हणून पहिले तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि तहसीलमध्ये विचारून घ्या. गावठाणातली जागा असेल तर काम सोपं, ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा आणि ना-हरकत घ्या. जागा भाड्याची असेल तर पक्का भाडेकरार करा, काकाची जागा असली तरी करा, कारण प्रत्येक ठिकाणी जागेचा पुरावा मागतात. हायवेवरची जागा पाहत असाल तर रोडपासून किती अंतर सोडावं लागतं आणि रस्त्याला जोड द्यायची परवानगी कोण देतं ते आधी माहीत करून घ्या, शेड बांधून झाल्यावर नाही.

गुमास्ता (दुकानाची नोंदणी) सोपा आहे, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर (2025 पर्यंत ही मर्यादा दहा होती) 2017 च्या कायद्यानं फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होतं, त्यासाठी कोणालाच पैसे देऊ नका. करंट खातं उघडा.

जीएसटी जरा नीट समजून घ्या. 16 जानेवारी 2025 पासून डीलरनं विकलेल्या सगळ्या जुन्या गाड्यांवर 18 टक्के आहे, पण पूर्ण किमतीवर नाही, फक्त मार्जिनवर. समजा स्विफ्ट 3 लाखाला घेतली आणि 3 लाख 40 हजाराला दिली, तर 40 हजारावर 18 टक्के म्हणजे 7200 रुपये. मध्ये डेंटिंग-पेंटिंगला 12 हजार गेले असतील तरी ते मार्जिनमधून वजा होत नाहीत, म्हणून भाव ठरवतानाच हा हिशेब धरा. तोट्यात गाडी गेली तर टॅक्स नाही. मालाच्या धंद्याला जीएसटी नंबरासाठी वर्षाला 40 लाखाच्या उलाढालीची मर्यादा आहे हे खरं, पण मी म्हणेन की नंबर सुरुवातीलाच काढा.

हे कागद हातात आले की परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म 29ए भरायचा, तुमच्या जागेचं जे आरटीओ असेल त्याच्याकडे, म्हणजे यवतमाळवाल्यांना एमएच 29, वाशिमवाल्यांना एमएच 37. फी ऑनलाइनच भरायची. मंजूर झालं की फॉर्म 29बी मध्ये सर्टिफिकेट मिळतं आणि ते पाच वर्षं चालतं. दलालाकडे जायची खरंच गरज नाही, अर्ज अडला तर काय कमी आहे ते लेखी मागा.

लायसन आलं म्हणजे झालं असं नाही, गाडी घेताना डोळे उघडे ठेवा. एमपरिवहन अॅपवर नाव, एचपी (गाडीवरचं कर्ज), इन्शुरन्स, फिटनेस, चलान सगळं पाहा, आणि एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय पोर्टलवर चोरीची आहे का ते पण. मग बोनेट उघडा. चेसिस नंबर जिथं कोरलाय तिथला चिखल आणि ग्रीस फडक्यानं पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, छाप उमटते. ट्रान्सफरच्या फॉर्मवर ही छाप लागतेच, पण तुम्ही ती स्वतःसाठी घ्या आणि आरसीशी एक-एक आकडा जुळवा. आकड्यांची उंची सारखी आहे का, मधलं अंतर सारखं आहे का, आजूबाजूला ग्राइंडरचा ओरखडा किंवा ताजा रंग आहे का. 17 आकडी नंबरात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, दिसली तर इसार देऊच नका. चोरीची गाडी माहीत असून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं.

एचपी चढलेली असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म 35 आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मध्य प्रदेश किंवा तेलंगणाची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी पाहिजे आणि इथं टॅक्स भरावा लागतो, स्वस्त दिसते म्हणून तो खर्च विसरू नका.

विकताना रोखीचं सांभाळा. आपल्याकडे माणूस पिशवीत नोटा घेऊन येतो, पण एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. हप्ते पाडून रोख घेतली तरी व्यवहार एकच धरतात, तेव्हा बँकेतून किंवा चेकनं घ्या. गिऱ्हाईकाला सांगा की 14 दिवसांत इन्शुरन्स नावावर करायचा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आणि ट्रान्सफरची फाईल तुम्हीच लावा, नवीन नाव एमपरिवहनवर दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट जुन्या मालकाला पाठवा, त्याची प्रिंट गाडीच्या फाईलमध्ये लावून ठेवा.