साथ आली: घरून काम करायचं की ऑफिसला जायचं, हे कसं ठरवावं

पावसाळा अर्ध्यावर आला की पुण्यातल्या ऑफिसांमध्ये एक ठरलेला संवाद सुरू होतो. ‘साथ आहे म्हणे, आठवडाभर घरूनच करू का?’ त्यावर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारतं, ‘कसली साथ?’ या दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण निर्णय सगळा त्याच्यावरच अवलंबून असतो. या शहरानं तऱ्हेतऱ्हेच्या साथी पाहिल्यात. काहींमध्ये घरी बसण्याचा मोठा उपयोग होता, काहींमध्ये जवळजवळ शून्य, आणि एका प्रकारात तर घरच ऑफिसपेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं.

पायरी 1 : साथ कशातून पसरतेय, ते आधी विचारा

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, याच शहरात आहे. तरी सोसायटीच्या ग्रुपवरचा कुणाच्या तरी मेहुण्याचा व्हॉइस मेसेज तिच्या आधी पोहोचतो. तो ऐकून रजा टाकू नका. महापालिकेच्या आरोग्य विभागाचं निवेदन वाचा किंवा फॅमिली डॉक्टरांना फोन करा, आणि एवढंच विचारा: हा आजार श्वासातून पसरतो, पाण्यातून, डासांमुळे की स्पर्शातून?

श्वासातून पसरणारा असेल तर घरून काम करण्याला खरा अर्थ आहे. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी 3 ऑगस्ट 2009 ला पुण्यातच घेतला. राज्यातले पहिले कोरोना रुग्णही 9 मार्च 2020 ला इथेच सापडले. अशा आजारांत अडचण अशी की लक्षणं दिसण्याआधीच माणूस तो पसरवायला लागतो. फ्लूमध्ये साधारण एक दिवस आधीपासून. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून ‘खोकणाऱ्यापासून लांब बसते’ हे धोरण पुरत नाही.

पाण्यातून पसरणारा असेल तर ऑफिस बंद ठेवून फारसं काही साधत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात, गियान-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाणारा हा आजार. संशय दूषित पाण्यावर होता, आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. गियान-बारे एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे त्या भागातल्या माणसानं घरी बसून तेच विहिरीचं किंवा टँकरचं पाणी न उकळता पिणं हा उलटा कारभार झाला. तिथे करायचं ते पाणी उकळणं, चिकन पूर्ण शिजवणं आणि कच्च्या चिकनला लागलेली सुरी-पाट वेगळे ठेवणं. कॉलरा, कावीळ (ए आणि ई प्रकारची), टायफॉइड यांनाही हेच लागू. मात्र जुलाब-उलट्या तुम्हाला स्वतःलाच होत असतील तर घरी थांबा. नोरोव्हायरस ऑफिसच्या एका टॉयलेटमधून अख्खा मजला आजारी पाडू शकतो.

डासांचा विषय सगळ्यात फसवा. जून 2024 मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, आणि डेंगी तर दरवर्षीचाच. दोन्ही पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि जन्मला तिथून फार लांब उडत नाही. आता आपल्या घराचा दिवसाचा चेहरा आठवा: बाल्कनीतल्या मनीप्लँटच्या कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून बुधवारी भरून ठेवलेली बादली, शेजारच्या बांधकामावरचं पिंप. अशा घरात अर्ध्या पँटवर दिवसभर लॅपटॉप घेऊन बसणं म्हणजे एडिसला घरपोच डबा. आठवड्यातून एकदा ही सगळी भांडी नुसती रिकामी करू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. ते केल्यावर मग हवं तर घरून काम करा. घरात गरोदर स्त्री असेल तर झिकाच्या काळात या कामात अजिबात चालढकल नको.

राहिले स्पर्शाचे आजार. जुलै 2023 मध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये डोळे येण्याची मोठी साथ आली, ती पुढे शहरातही पसरली. ज्याचे डोळे आले त्यानं घरी थांबावं, बाकीच्यांनी हात धुवावेत आणि दुसऱ्याच्या टॉवेल-रुमालाला हात लावू नये. अख्ख्या टीमनं घरी बसायची गरज नाही.

पायरी 2 : घरात कोण आहे, आणि घर केवढं आहे

पुढच्या पायऱ्या मुख्यतः श्वासातून पसरणाऱ्या साथीसाठी आहेत.

स्वतःच्या तब्येतीबरोबर घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाची तब्येत धरून हिशेब करा. पासष्टीच्या पुढचे सासूसासरे, मधुमेह, दमा, किडनीचा आजार, केमो चालू असलेलं कुणी, गरोदरपण, पाच वर्षांखालचं मूल. यांपैकी एक जरी घरात असेल आणि काम घरून होण्यासारखं असेल, तर माझं मत सरळ आहे: साथीचा जोर ओसरेपर्यंत घरूनच करा, संकोच करू नका. फ्लूची लस घेतली असेल तर उत्तमच, पण तिचा असर यायला दोन आठवडे लागतात. सोमवारी टोचून मंगळवारी बिनधास्त होता येत नाही.

‘घर’ या शब्दाला मात्र फसू नका. वाकडच्या पीजीमध्ये एका खोलीत चौघं राहतात, चौघंही चार वेगळ्या कंपन्यांत, आणि त्यांतले दोघं रोज ऑफिसला जातात. तिथे तुम्ही एकट्यानं घरून काम केलंत तर दिवसभर त्याच कोंदट खोलीत बसाल आणि रात्री त्या दोघांनी आणलेली हवा घ्याल. अशा वेळी खिडक्या असलेलं, निम्मं रिकामं ऑफिस जास्त बरं. गावी जाता येत असेल तर साथ सुरू होतानाच जा. अंगात कणकण असताना एसटीत बसून आईवडिलांकडे जाऊ नका.

पायरी 3 : रस्ता ऑफिसपेक्षा वाईट असू शकतो

कोथरूडहून हिंजवडी फेज तीनला जायला गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास सहज जातो. सहा माणसं, एक गाडी, काचा बंद, एसी चालू. ऑफिसातल्या आठ तासांपेक्षा कधीकधी हे दोन तास जड पडतात, आणि बहुतेक लोक हिशेबात ते धरतच नाहीत. गाडीच्या एसीपाशी एक बटण असतं, त्यावर गाडीचं चित्र आणि तिच्या आत वळलेला बाण असतो. ते चालू असलं की आतलीच हवा फिरत राहते. ड्रायव्हरदादांना ते बंद करायला सांगा आणि मागची एक काच दोन बोटं उघडी ठेवा. धूळ येईल, येऊ दे.

स्वतःच्या दुचाकीवर जाणाऱ्याचा प्रवास या दृष्टीनं जवळजवळ बिनधोक असतो. पीएमपीच्या जुन्या, खिडक्या उघड्या असलेल्या बसमध्ये गर्दी नसेल तर ती बंद एसी गाडीपेक्षा बरी. मेट्रोत आणि भरलेल्या बसमध्ये नीट बसणारा एन-95 मास्क लावा. हनुवटीवरचा मास्क धरायचा नाही.

ऑफिसातही हवेचाच प्रश्न विचारा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच थंड करून परत सोडतो. बिनखिडकीच्या मीटिंग रूममध्ये आठ जण दीड तास बसणार असतील, तर ‘आठवड्यातून तीनच दिवस या’ या सवलतीला काही अर्थ उरत नाही. ती मीटिंग फोनवर घ्या. एवढ्या एका बदलावर पूर्ण आठवडा घरी बसायची गरज टळू शकते.

पायरी 4 : कामाचे दोन ढीग करा

एका ढिगात जागेवरच करावं लागणारं काम: मशीन, काउंटर, लॅब, सही-शिक्का, रुग्ण, गिऱ्हाईक. दुसऱ्यात बाकीचं. कागदावर मांडलं की कळतं, बऱ्याच जणांचं काम पूर्ण इकडचं किंवा तिकडचं नसतं. आठवड्यातली जागेवरची कामं एका दिवसात बसवता येतात का बघा, आणि तो दिवस कमी गर्दीचा निवडा.

भोसरीच्या शॉप फ्लोअरवर किंवा लक्ष्मी रोडच्या दुकानात काम करणाऱ्याला हा सगळा लेख चैनीचा वाटेल, आणि ते खरंच आहे. त्यांच्या हातात घरून काम नसतं, रजा असते. ती माहीत असावी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी (2025 च्या दुरुस्तीआधी ही अट दहाची होती) वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असलेले कामगार, वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर, आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मागू शकतात. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, तो पहिल्याच दिवशी घ्या.

पायरी 5 : साहेबांना विचारताना तारीख घालून विचारा

घरून काम मिळणं हा कायद्यानं दिलेला सरसकट हक्क नाही, ती कंपनीची मर्जी आहे. म्हणून मागणी अशी करा की नाही म्हणायला जागा कमी राहील. ‘सध्या साथ आहे, तर जरा घरून करू का?’ यातला ‘जरा’ सगळा घोळ करतो. त्यापेक्षा असा मेसेज लिहा:

‘नमस्कार सर. आमच्या भागात फ्लूचे रुग्ण वाढलेत आणि घरी सासूबाईंना दमा आहे. डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितलं आहे. सोमवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत, दोन आठवडे, घरून काम करू का? ऑफिसच्याच वेळेत फोनवर असेन. बिलांच्या सह्यांसाठी बुधवारी सकाळी एक तास येऊन जाईन. दुसऱ्या शुक्रवारी आपण पुन्हा बोलू.’

कारण, तारखा, वेळ, अडणाऱ्या कामाची सोय आणि पुन्हा बोलण्याचा दिवस, एवढं पुरे. आजाराचं सविस्तर वर्णन नको, रिपोर्टचे फोटो तर मुळीच नकोत. तुम्ही स्वतः टीम सांभाळत असाल तर एक करा: पहिली परवानगी ऑफिसबॉय आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या रजेला द्या. सगळ्यांच्या तोंडाजवळ दिवसभर तेच असतात.

घरचीही तयारी बघा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर राउटर चालतो का, आणि मुलांची शाळाही बंद झाली तर कोण कुठल्या वेळी त्यांच्याकडे बघणार? हा शेवटचा प्रश्न नवरा-बायकोनं रविवारीच मिटवावा. सोमवारी सकाळी सव्वानऊला तो मिटत नाही, आणि बहुधा बाईच्याच मीटिंगवर गदा येते.

पायरी 6 : आजारी पडलात तर रजा, घरून काम नव्हे

हे आपल्याकडे फार होतं. ताप 101, तरी ‘घरीच आहे ना, बघते थोडं’ म्हणत लॅपटॉप उघडायचा. डेंगीत ही सवय अंगाशी येते. तीन-चार दिवस सणकून ताप येतो, मग उतरतो, बरं वाटतं, आणि माणूस कामाला बसतो. धोक्याचा काळ नेमका तोच असतो. ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, कमालीची मरगळ, यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन. डेंगीची शंका असताना अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा, तापाला पॅरासिटामॉलच घ्या, तेही डॉक्टरांना विचारून.

पायरी 7 : परत कधी जायचं

फ्लूसारख्या आजारात, औषध न घेता चोवीस तास ताप नाही, ही किमान अट. सकाळी गोळी घेऊन उतरलेला ताप मोजायचा नाही. त्यानंतरही पाचेक दिवस मास्क ठेवा आणि डबा गर्दी ओसरल्यावर खा. जेवताना मास्क निघतो, गप्पा होतात, आणि कॅन्टीनची टेबलं कधीच लांब नसतात. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत.

तुम्ही बरे असाल आणि फक्त साथीमुळे घरी असाल, तर ठरलेल्या शुक्रवारी पहिल्या चार पायऱ्यांचे प्रश्न पुन्हा विचारा. पुण्यात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे जुलैमधली परवानगी सप्टेंबरपर्यंत तशीच ओढत नेली, तर जानेवारीत खरी गरज पडेल तेव्हा साहेब ऐकून घेणार नाहीत.